बोलायचं कुठं, गप्प राहायचं कुठं

मैत्रिणींनो, रेडिओ म्हटलं की तुम्हाला काय आठवतं? सकाळी अंघोळीचं पाणी तापता तापता लागणारी भक्तिगीतं, डबे भरण्याच्या घाईत ऐकलेल्या प्रादेशिक बातम्या, बुधवारी रात्रीची बिनाका गीतमाला आणि दुपारी भांडी घासून झाल्यावर पदराला हात पुसत ऐकलेला महिलांचा कार्यक्रम. आपल्या शिरूर-दौंड भागातल्या घरांचं घड्याळच होता म्हणा ना रेडिओ! अमुक कार्यक्रम लागला म्हणजे मुलांची शाळेची वेळ झाली, हे घड्याळात न बघताच कळायचं.

पण एक गोष्ट कधी मनात आली का? आपण रेडिओ ऐकला खूप, त्यातून बोललो किती? आपल्यापैकी फार तर एखादीचं पत्र कधीतरी वाचून दाखवलं असेल, किंवा फर्माइशीत गावाचं नाव आलं असेल. तेवढ्यानंही आपण आठवडाभर हरखून जायचो. माइक मात्र कायम दुसऱ्या कुणाच्या तरी हातात.

तिकडे अमेरिकेत म्हणे रेडिओची सुरुवातच वेगळी झाली. १९२० मध्ये पिट्सबर्ग शहरातून नियमित प्रक्षेपण सुरू झालं आणि पुढच्या काही वर्षांतच छोट्या छोट्या गावांनी आपापली स्टेशनं काढली. कुणी दुकानाच्या माडीवर, कुणी कॉलेजात, कुणी वर्तमानपत्राच्या कचेरीत. गावातल्या बाजारभावापासून चर्चच्या प्रार्थनेपर्यंत आणि शाळेच्या सामन्यांपर्यंत सगळं गावाचंच. आपल्याकडे १९२७ मध्ये मुंबईत एका खाजगी कंपनीनं रेडिओ सुरू केला खरा, पण लवकरच तो सरकारकडे गेला आणि १९३६ पासून त्याचं नाव ऑल इंडिया रेडिओ झालं. सरकार म्हणजे इंग्रज सरकार. नुसता ऐकायचा रेडिओ घरात ठेवायचा तरी त्याचं लायसन्स काढावं लागे. आपलं पुणे आकाशवाणी केंद्र सुरू झालं ते स्वातंत्र्यानंतर, २ ऑक्टोबर १९५३ ला. त्याआधी सामान्य माणसानं स्वतःचं रेडिओ स्टेशन काढणं म्हणजे सरळ तुरुंगाची वाट धरणं.

अशा त्या काळात बावीस वर्षांच्या एका मुलीनं आपल्या चार सहकाऱ्यांसह चक्क एक रेडिओ केंद्र चालवलं. तेही मुंबईत, पोलिसांच्या नाकाखाली. तिचं नाव उषा मेहता. पुढे सगळे त्यांना आदरानं उषाबेन म्हणत. आज त्यांचीच गोष्ट सांगायची आहे.

उषाचा जन्म २५ मार्च १९२० चा, गुजरातेत सुरतजवळच्या सरस नावाच्या खेड्यातला. वडील हरिप्रसाद मेहता ब्रिटिश सरकारच्या नोकरीत न्यायाधीश. म्हणजे घरात सुखवस्तूपणा होता, पण सरकारविरुद्ध ब्र काढायची सोय नव्हती. पाच वर्षांची असताना तिनं अहमदाबादच्या आश्रमात गांधीजींना पाहिलं. नंतर तिच्या गावाजवळ गांधीजींचं शिबिर भरलं तेव्हा ती तिथंही गेली आणि थोडं सूत कातायला शिकली. त्या वयात मुलं भातुकली खेळतात. हिच्या हाती चरखा आला.

१९२८ मध्ये सायमन कमिशन आलं. देशभर निषेध झाला. आठ वर्षांची उषाही मिरवणुकीत घोषणा देत चालली. प्रभातफेऱ्या, दारूच्या दुकानांपुढची निदर्शनं यांत ही लहान मुलं पुढे असत. एकदा पोलिसांनी मुलांच्याच मिरवणुकीवर चाल केली. झेंडा धरलेली एक मुलगी झेंड्यासकट खाली पडली. मुलं रडत, चिडत घरी आली. आयाबापांनी काय करावं? त्यांनी मुलांना घरात कोंडलं नाही. झेंड्याच्या रंगांचे कपडे अंगात घालून पोरांना पुन्हा रस्त्यावर पाठवलं. हातातला झेंडा पाडता येईल, पण अंगावरचा कसा पाडणार? मला ही गोष्ट फार आवडते, कारण तिच्यात मुलांच्या धीराइतकीच त्यांच्या आयांची अक्कलहुशारी दिसते. ते कपडे कुणीतरी घरातच बसून रातोरात शिवले असणार ना!

वडील नोकरीत होते तोवर घरून फारसं प्रोत्साहन मिळालं नाही. १९३० मध्ये ते निवृत्त झाले आणि १९३२ मध्ये कुटुंब मुंबईला आलं. उषा तेव्हा बारा वर्षांची. मुंबईत ती गुप्त पत्रकं वाटू लागली, तुरुंगातल्या लोकांना भेटायला जाऊ लागली, त्यांचे निरोप पोचवू लागली. लहान मुलीकडे कोण संशयानं बघणार? त्याच वेळी अभ्यासही चालू होता. मॅट्रिकला ती पहिल्या पंचवीसांत आली. विल्सन कॉलेजातून १९३९ मध्ये तत्त्वज्ञान घेऊन पहिल्या वर्गात पदवीधर झाली आणि कायद्याच्या अभ्यासाला लागली. खादी नेसायची, साधं राहायचं आणि लग्न करायचं नाही, हे तिनं तरुणपणीच ठरवून टाकलं होतं. त्या काळात, आणि आजही, एखाद्या मुलीनं असं ठरवणं आणि घरानं ते मानणं ही काही छोटी गोष्ट नाही.

मग आला ऑगस्ट १९४२. आठ तारखेला मुंबईच्या गवालिया टँक मैदानावर चले जावचा ठराव झाला आणि नऊ तारखेच्या पहाटे सगळे मोठे नेते पकडले गेले. गांधीजींना आणून ठेवलं ते आपल्या पुण्यात, आगाखान पॅलेसमध्ये. शिरूरहून एसटीनं पुण्याला जाताना नगर रोडवर जो आगाखान पॅलेस लागतो, तोच हा. आपण खिडकीतून बघतो आणि पुढे जातो.

नेते आत, वर्तमानपत्रांवर बंदी नाहीतर सेन्सॉर, आणि रेडिओ सरकारचा. कुठं काय चाललंय हे लोकांना कळायचं कसं? आणि कळलंच नाही तर लढा टिकायचा कसा? एका गावातल्या लोकांना वाटायचं, फक्त आपणच लढतोय आणि बाकी सगळं शांत आहे. माणसाचा धीर खचतो तो अशा एकटेपणानं. पेटलेल्या गावांना एकमेकांची खबर कळली पाहिजे, हे उषा आणि तिच्या सहकाऱ्यांनी ओळखलं. इतर देशांतल्या चळवळींनी रेडिओचा उपयोग कसा करून घेतला ते ही मंडळी जाणून होती. सुभाषबाबूंचा आवाज त्याच वर्षी जर्मनीतून रेडिओवर ऐकू येत होता. मग आपल्याच देशात, आपल्याच लोकांचा रेडिओ का नको?

नऊ ऑगस्टनंतर आठवड्याच्या आतच काम सुरू झालं. बाबूभाई, विठ्ठलदास झवेरी, चंद्रकांत झवेरी हे तिचे साथीदार. यंत्रं आणि तंत्रज्ञ मिळवून देण्यात शिकागो रेडिओ कंपनीचे नानक मोटवाने यांचा हात होता. काँग्रेसच्या अधिवेशनांना लाउडस्पीकर पुरवणारी कंपनी ती हीच. डॉ. राममनोहर लोहिया आणि अच्युतराव पटवर्धन हे भूमिगत नेते मजकुराची बाजू सांभाळू लागले. अच्युतराव म्हणजे आपल्या शेजारच्या नगरचे बरं का!

२७ ऑगस्ट १९४२ ला पहिलं प्रक्षेपण झालं. आवाज उषाचा होता. हा काँग्रेस रेडिओ आहे, ४२.३४ मीटरवरून बोलत आहे, आणि तो हिंदुस्थानात कुठूनतरी बोलत आहे, एवढीच ओळख तिनं करून दिली. कुठूनतरी! पत्ता सांगायचा नाही, नाव सांगायचं नाही. फक्त आवाज द्यायचा. सुरुवातीला 'हिंदुस्ताँ हमारा' ची तबकडी लावायची, मग बातम्या आणि भाषणं आणि शेवटी 'वंदे मातरम्'. हिंदी आणि इंग्रजी दोन्ही भाषांतून प्रक्षेपण होत असे.

ऐकायला हे सोपं वाटतं. पण रेडिओ केंद्र म्हणजे नुसता माइक नव्हे. आवाज हवेत सोडणारं यंत्र म्हणजे ट्रान्समीटर लागतो, उंचावर तार बांधावी लागते, वीज लागते. आणि एकदा का तुम्ही हवेत आवाज सोडला की तो कुठून येतो हे शोधणारी यंत्रंही असतात. पोलिसांच्या गाड्या तशी यंत्रं घेऊन मुंबईत फिरत होत्या. त्यामुळे एका जागी फार दिवस राहणं शक्यच नव्हतं. चौपाटीजवळच्या एका इमारतीतून सुरुवात झाली, मग गिरगावातली पारेखवाडी, अशा करत करत जागा बदलत गेल्या. जागा भाड्यानं घ्यायची, यंत्र हलवायचं, तार बांधायची, आठदहा दिवस झाले नाहीत तर पुन्हा बोचकी बांधायची. आपल्याला एक बिऱ्हाड हलवायचं म्हटलं तरी पंधरा दिवस अंग दुखतं. यांनी रेडिओ केंद्राचं बिऱ्हाड पाठीवर घेतलं होतं!

पुढे त्यांनी आणखी एक युक्ती केली. मजकूर रेकॉर्ड करायचा एका ठिकाणी आणि तो हवेत सोडायचा दुसऱ्या ठिकाणाहून. म्हणजे एक जागा सापडली तरी सगळं सापडू नये.

आणि या रेडिओवरून सांगायचे काय? तर सरकारी रेडिओ जे सांगत नव्हता ते. देशाच्या कानाकोपऱ्यातून माणसांकरवी खबरा येत. जमशेदपूरच्या कामगारांचा संप, चितगावावरचे बाँबहल्ले यांच्या बातम्या या रेडिओनं दिल्या. आणि आपल्या विदर्भातली चिमूर आणि आष्टी! १६ ऑगस्ट १९४२ ला तिथं लोकांनी उठाव केला. त्यानंतर चिमूरमध्ये सैन्य शिरलं आणि घराघरांत बायकांवर अत्याचार झाले. छापील कागदावर हे येणं अवघड होतं. बायकांच्या अब्रूच्या गोष्टी कशाला बोलायच्या, असं म्हणून घरातसुद्धा ज्या गोष्टी दाबल्या जातात, त्या काँग्रेस रेडिओनं साऱ्या देशाला ऐकवल्या. विचार करा, ऐंशीहून अधिक वर्षांपूर्वीची ही गोष्ट आहे. एका अविवाहित तरुणीनं चालवलेल्या केंद्रावरून हे बोललं गेलं.

असे जेमतेम अडीच महिने गेले.

१२ नोव्हेंबर १९४२. त्या दिवशी पोलिसांनी आधीच धरपकड सुरू केली होती. रेडिओचं काम पाहणारा एक तंत्रज्ञ त्यांच्या हाती लागला होता आणि त्यानं सगळं सांगून टाकलं होतं. धोका उषाला कळला होता. तिला त्या संध्याकाळी घरी बसता आलं असतं, दुसऱ्या गावी जाता आलं असतं. पण प्रक्षेपणाची वेळ झाली होती. ती आणि चंद्रकांत झवेरी महालक्ष्मीच्या देवळाजवळच्या पॅराडाइज बंगल्यात गेले आणि त्यांनी नेहमीसारखं प्रक्षेपण सुरू केलं. शेवटची 'वंदे मातरम्'ची तबकडी चालू असतानाच पोलीस दारं फोडून आत घुसले. तबकडी बंद करा, असा हुकूम झाला. उषानं हात लावला नाही.

इथपर्यंतची गोष्ट बऱ्याच जणींनी ऐकली असेल. २०२४ मध्ये तिच्यावर एक हिंदी चित्रपटही आला, तो घरोघरी मोबाइलवर पाहिला गेला. पण मला विचाराल तर उषाबेनच्या आयुष्यातला मोठा भाग पुढेच आहे.

अटकेनंतर सहा महिने सीआयडीचे अधिकारी तिची चौकशी करत होते. तिला एकटीला वेगळं ठेवलं होतं. वय बावीस. बाहेर काय चाललंय ते कळत नाही, कोण पकडलं गेलं आणि कोण सुटलं ते माहीत नाही. लोहिया आणि अच्युतराव अजून बाहेरच होते, भूमिगत. त्यांचा ठावठिकाणा कळावा म्हणून पोलीस धडपडत होते. धाक दाखवून झाला, मग आमिष दाखवलं गेलं. चळवळीची माहिती दे, तुला परदेशी शिकायला पाठवतो. जी मुलगी पहिल्या वर्गात आली, जिचं कायद्याचं शिक्षण अर्धवट सुटलं, तिला हे आमिष! किती ओळखून टाकलेला गळ होता तो. तिनं एक शब्द सांगितला नाही.

खटला उभा राहिला तेव्हा तिनं न्यायाधीशांना विचारलं, की मला विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं देणं बंधनकारक आहे का. तसं बंधन नाही, असं कळल्यावर तिनं सांगितलं, की मग मी एकाही प्रश्नाचं उत्तर देणार नाही. स्वतःच्या बचावासाठीसुद्धा नाही. कारण स्वतःला वाचवायला तोंड उघडलं असतं तर त्यातून दुसऱ्या कुणाचं तरी नाव निघालं असतं.

१९४३ मध्ये निकाल लागला. बाबूभाईंना पाच वर्षं, उषाला चार वर्षं, चंद्रकांत झवेरींना एक वर्ष. विठ्ठलदास झवेरी आणि नानक मोटवाने सुटले. उषाची रवानगी झाली येरवड्याला.

एक गंमत बघा. काँग्रेस रेडिओची बरीचशी प्रक्षेपणं पोलीस ऐकत होते आणि शब्द न् शब्द उतरवून घेत होते, कोर्टात पुरावा म्हणून. तेच कागद पुढे सरकारी दप्तरात राहिले आणि आज त्या रेडिओवर काय बोललं गेलं हे आपल्याला कळतं ते त्या कागदांमुळे. तिचे शब्द सांभाळून ठेवले ते पोलिसांनीच!

येरवड्यात तिची तब्येत ढासळली. मुंबईच्या जे. जे. इस्पितळात न्यावं लागलं. तिथंही खाटेजवळ पोलिसांचा पहारा, ही आजारी मुलगी पळून जाईल म्हणून. बरं वाटल्यावर पुन्हा येरवडा. याच काळात, २२ फेब्रुवारी १९४४ ला, येरवड्यापासून हाकेच्या अंतरावरच्या आगाखान पॅलेसमध्ये कस्तुरबा गेल्या. दोन पिढ्यांच्या दोन बायका एकाच वाटेवर, दोन भिंतींच्या आत. शेवटी १९४६ च्या मार्चमध्ये, मुंबई प्रांतात मोरारजी देसाई गृहमंत्री झाल्यावर उषाची सुटका झाली. सुटलेल्या राजकीय कैद्यांत तिचा नंबर पहिला होता.

१५ ऑगस्ट १९४७ ला दिल्लीत सोहळा झाला तेव्हा ती कुठे होती? अंथरुणावर. तुरुंगानं शरीर पोखरलं होतं. ज्या दिवसासाठी सगळं केलं त्या दिवशी तिला घराबाहेरही पडता आलं नाही. पुढं अनेकांना पदं मिळाली, तिकिटं मिळाली. उषाबेन मात्र सत्तेच्या राजकारणात उतरल्या नाहीत. त्यांनी काय केलं, तर सुटलेलं शिक्षण पुन्हा हाती घेतलं. गांधीजींच्या राजकीय आणि सामाजिक विचारांवर प्रबंध लिहून मुंबई विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली. ज्या विल्सन कॉलेजात शिकल्या तिथंच तीसएक वर्षं शिकवलं. मुंबई विद्यापीठात राज्यशास्त्र विभागाच्या प्रमुख झाल्या आणि १९८० मध्ये निवृत्त झाल्या. मणिभवन या गांधीजींच्या मुंबईतल्या वास्तूचं काम त्या शेवटपर्यंत बघत होत्या. राहणी तीच, खादीची साडी आणि प्रवास बसनं. पहाटे चारला उठायचं आणि रात्री उशिरापर्यंत काम. खाण्यापिण्याचे तर फारसे लाडच नाहीत, चहा आणि पाव असला तरी चाले.

१९९८ मध्ये सरकारनं त्यांना पद्मविभूषण दिलं. स्वतंत्र देशात जे चाललं होतं त्यावर त्या खूश नव्हत्या आणि तसं बोलूनही दाखवत. ऑगस्ट २००० मध्ये अंगात ताप असताना त्या ऑगस्ट क्रांती मैदानावर, म्हणजे त्याच गवालिया टँकवर, क्रांतिदिनाच्या कार्यक्रमाला गेल्या. थकून घरी आल्या आणि दोन दिवसांनी, ११ ऑगस्टला, शांतपणे गेल्या. वय ऐंशी.

मैत्रिणींनो, उषाबेनचं नाव निघालं की लोक आवाजाबद्दल बोलतात. मला वाटतं त्यांचं मौन तितकंच मोठं होतं. बोलल्या तर देशाला उपयोग होता, तिथं त्या जीव धोक्यात घालून बोलल्या. बोलल्या तर माणसं अडकणार होती, तिथं आयुष्याची तीन वर्षांहून अधिक देऊन गप्प राहिल्या. दोन्हीकडे निर्णय त्यांचा स्वतःचा होता, भीतीचा नव्हता.

आपल्याकडे नेमकं उलटं होतं. गेली काही वर्षं मी शिरूर आणि दौंडच्या गावांमधून बचत गटाच्या बायकांबरोबर काम करते. महिला ग्रामसभेला पंचवीस बायका जमतात. पाण्याची टाकी, रेशन, दारूचं दुकान, सगळे विषय त्यांच्याच घरचे. पण अध्यक्षांनी विचारलं, कुणाला काही बोलायचंय का, की पंचवीसच्या पंचवीस पदर सावरत खाली बघतात. सभा संपली की मात्र पारावरून घरी जाताना प्रत्येकीच्या तोंडाला पाणी फुटतं. हातावर वळ घेऊन आलेली बाई दारात आपटले म्हणून सांगते. आणि तीच गोष्ट एखादीनं विश्वासानं मैत्रिणीच्या कानात सांगितली, तर दुसऱ्या दिवशी दळणाच्या गिरणीपर्यंत पोचलेली असते. बोलायच्या जागी आपण गप्प, आणि गप्प राहायच्या जागी बोलतो. मग विश्वास कुणी कुणावर ठेवायचा?

हा दोष बायकांचा आहे असं मी मुळीच म्हणणार नाही. पिढ्यान् पिढ्या बोललं की मार आणि गप्प राहिलं की शाबासकी, हेच आपण शिकलो. आपलं मौन दुसऱ्यांनी आपल्यावर लादलेलं आहे, म्हणून ते कधी आपल्या उपयोगी पडत नाही. उषाबेनचं मौन त्यांनी स्वतः निवडलेलं होतं, म्हणून त्यानं इतकी माणसं वाचवली. मला जे कळलं ते एवढंच, की जिला बोलता येतं तिच्याच गप्प राहण्याला किंमत असते.

दोन गोष्टी आपण करू शकतो. ग्रामसभेत एक विषय आधी ठरवून जायचं आणि तिघींनी मिळून उठायचं. एकटीचा आवाज कापतो, तिघींचा कापत नाही. उषाही काही एकटी नव्हती, तिचा गट होता. आणि गटात कुणी घरातलं दुखणं सांगितलं तर ते गटाच्या बाहेर न्यायचं नाही. मदत हवी असेल तर तिच्या परवानगीनं, योग्य ठिकाणीच. २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा आहे, १८१ ही महिलांसाठीची हेल्पलाइन आहे. तिथं बोलावं. गिरणीत नाही.

आणि रेडिओचं म्हणाल तर ते दिवसही पालटले. १९९५ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं, की हवेतल्या लहरी ही सरकारची नव्हे, जनतेची मालमत्ता आहे. २००२ पासून शिक्षणसंस्थांना आणि २००६ पासून सामाजिक संस्थांनाही स्वतःचं छोटं रेडिओ केंद्र काढायला परवानगी मिळू लागली. तेलंगणात २००८ मध्ये दलित बायकांनी चालवलेला संगम रेडिओ सुरू झाला. साताऱ्यातल्या म्हसवडला माणदेशी तरंग वाहिनी निघाली आणि दौंडच्या शेजारी बारामतीत वसुंधरा वाहिनी. अशा केंद्रांवर गावातलीच बाई येते, बियाणं, बाळंतपण, ओव्या, आपलं दुखणंसुखणं बोलून जाते. पूर्वी कुठूनतरी असं सांगावं लागे. आता गावाचं नाव, आपलं नाव उघड सांगून बोलता येतं. त्यासाठी कुणी दार फोडून येत नाही.

कुठं बोलायचं ते मात्र आपल्यालाच ठरवावं लागेल, आणि कुठं गप्प राहायचं तेही.